मावशींची मशीन

मी साताऱ्यात कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे लोकांना फुकट कायदेशीर मदत मिळते तिथं, पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून बसते; वकील नाही, पण लोकांना कायद्याची वाट दाखवते. मागच्या महिन्यात एका सोमवारी कोरेगाव तालुक्यातल्या एक मावशी आल्या, हातात पिशवी, पिशवीत फायनान्स कंपनीचं कर्जाचं कार्ड, आणि बसल्या बसल्या पहिलंच वाक्य, "ताई, माझी मशीन न्हेली ओ त्यांनी."

झालं असं की बायकांच्या गटातून त्यांनी या फायनान्सचं ४०,००० रुपये कर्ज उचललेलं, दर पंधरा दिवसाला ११५० चा हप्ता, एकही चुकला नव्हता. मग नवरा सिव्हिलला ॲडमिट झाला आणि ओळीनं तीन हप्ते थकले. तिसऱ्या वेळी फायनान्सची दोन पोरं संध्याकाळी आली ती रात्री साडेनऊपर्यंत ओट्यावर बसून राहिली, शेजारीपाजारी बघतायत, गटातल्या बायकांना पण बोलावून घेतलं आणि जाताना शिलाई मशीन टेम्पोत टाकून घेऊन गेली. पैसे भरा नि मशीन न्या म्हणे. मशीनपेक्षा मावशींना हे जास्त लागलेलं की लग्नाची लेक आत चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. हे सांगताना त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या.

मी कार्ड नीट वाचलं. मागणी होती ५००० ची. थकलेले ३४५०, दंड ८०० आणि तीन वेळचा 'व्हिजिट चार्ज' ७५०. आता हा व्हिजिट चार्ज ना कार्डावर ना फॅक्टशीटवर, म्हणजे कर्जाचा सगळा हिशोब लिहून देतात त्या कागदावर, आणि रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे, म्हणजे अशा छोट्या कर्जांचे, नियम सरळ सांगतात की फॅक्टशीटमध्ये नसलेली फी घ्यायचीच नाही. दंड २ टक्के लिहिलेला, पण तो यांनी अख्ख्या ४०,००० वर लावलेला, नियमात तो फक्त थकलेल्या रकमेवर. ३४५० चे २ टक्के म्हणजे ६९ रुपये. ६९! मी कॅल्क्युलेटर मावशींपुढं धरला तर म्हणाल्या, "मग बाकीचं कुणाच्या खिशात?"

आणि मशीनला तर हातच लावता येत नाही. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज देतात ते विनातारणच असतं, मग उचलून न्यायचा प्रश्न येतो कुठं? कर्जदार हप्ता द्यायला ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आला नाही तर वसुलीला घरी येता येतं, ते मान्य, पण फोनसुद्धा सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करायचा नाही असा नियम आहे, आणि ही पोरं रात्री साडेनऊला ओट्यावर!

ब्रँच मॅनेजरला स्पीकरवर फोन लावला. म्हणे, "बाईंनी स्वखुशीनं दिलीय." मी म्हटलं, तसं लेखी द्या. मग आवाज उतरला, "बरं मॅडम, येऊन घेऊन जायला सांगा." मी म्हटलं, तुम्ही नेलीय, तुम्हीच आणून द्या, आणि ६ च्या आत.

पोलिसांत जाऊया म्हटलं तर मावशी नको म्हणाल्या, गावात ऱ्हायचंय. मला पटलं नाही, पण निर्णय त्यांचा. लेखी तक्रार मात्र मी टाईप करून दिली, ब्रँचला देऊन पोच घेतली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, तिथं पैसे लागत नाहीत. आमच्याकडंही बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यातच आहे, पण ते माहिती असतं किती जणींना.

दुसऱ्या दिवशी पाचला मशीन आली. मावशींनी थकलेले आणि ६९ दंड असे ३५१९ रुपये भरले आणि कार्डावर एंट्री आणि सही झाल्याशिवाय पोराला हलू दिलं नाही, हे मला फोनवर तीनदा सांगितलं. पण बॉबीनची डबी गायब. मी म्हटलं, मी आणते साताऱ्यातून, तर म्हणाल्या, "न्हाई ताई, न्हेलीय तीच पायजे." सध्या शेजारणीची डबी लावून शिवतायत. डबी गायब असल्याची ओळ पण तक्रारीला जोडून परत पोच घेतलीय, उत्तर अजून नाही, आज बाविसावा दिवस.