मेळाव्याआधीचे दिवस

आमच्या ज्येष्ठ मंडळाचा स्नेहमेळावा दरवर्षी साधारण एकाच चालीत व्हायचा. प्रास्ताविक लांबायचं, पाहुणे उशिरा यायचे, पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार व्हायचा आणि ‘दोन शब्द’ बोलायला उठलेले नाना माइक सोडायचे नाहीत. स्पर्धांमध्ये ऐंशीच्या पुढच्या गटात बहुधा दोनच स्पर्धक असायचे, दोघांनाही बक्षीस मिळायचं, तरी पहिलं कोण यावरून आठवडाभर कुरबुर चालायची. हे सगळं मला प्रिय आहे. पण खरी गंमत मेळाव्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत होती, आणि घरात कोंडली गेलेली माणसं बाहेर काढण्याचं कामही त्या दिवसांनीच केलं.

निमंत्रणपत्रिका छापल्या जायच्या, पण त्यांच्यावर भरवसा कुणाचाच नव्हता. सभासदांची यादी वाटून घेतली जायची आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या लोकांना फोन करायचा. आमच्या चिटणीसबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचा दंडक असा की “येणार का?” असं विचारायचंच नाही. “कसे येणार?” असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला “बघू” एवढंच उत्तर मिळतं. दुसऱ्याला अडचणी बाहेर पडतात. कुणाला जिने चढवत नाहीत, कुणाला अंधार पडल्यावर परतायची भीती वाटते. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि दोन तास त्याच्याजवळ बसायला कुणी नाही. स्वच्छतागृह किती लांब आहे, हा प्रश्न तर बहुतेकांच्या मनात असतो, पण तो कुणी उघड विचारत नाही. या फोनांमुळेच मेळावा संध्याकाळचा सकाळी आला आणि वरच्या मजल्यावरचं सभागृह सोडून तळमजल्यावरचं घेतलं गेलं. कुणाला कोण घेऊन येणार आणि कोण परत सोडणार, हेही वहीत नावानिशी लिहिलेलं असायचं.

एका काकांनी बायको गेल्यापासून मंडळाकडे पाठ फिरवली होती. समजावणारे बरेच येऊन गेले. “चार माणसांत मिसळा, बरं वाटेल,” हे ऐकून ते आणखीच मिटले असावेत. त्या वर्षी ध्वनिक्षेपक खरखरत होता. आमच्या खजिनदारांनी त्यांना फक्त एवढंच कळवलं, “यंत्र बिघडलंय, तुमच्याशिवाय इथे कुणाला त्यातलं कळत नाही.” काका दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन हजर. दुरुस्तीला किती वेळ लागावा! पण ते रोज येत राहिले, वायर तपासत राहिले, आणि शेजारी बसून पताका कापणाऱ्यांशी हळूहळू बोलू लागले. समोरासमोर बसवून “कसं वाटतंय?” विचारलं की अशी माणसं गप्प होतात. हात कामात असले की बोलतात. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात पुरुषांसाठी सुरू झालेल्या सामुदायिक कार्यशाळा, ज्यांना तिथे ‘मेन्स शेड’ म्हणतात, त्या याच जाणिवेवर उभ्या आहेत. आमच्या खजिनदारांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं.

मागच्या कोपऱ्यात बसून प्रत्येक विनोदाला हसणाऱ्या एक काकू होत्या. मंडळातल्या सगळ्यांत आनंदी सभासद अशी त्यांची ख्याती. यादी करताना त्यांच्या सुनेकडून कळलं की त्यांना फारसं ऐकूच येत नाही; बाकीचे हसले की त्या हसतात. पुढच्या मेळाव्यापासून पहिल्या रांगेच्या खुर्च्या कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखल्या गेल्या. पाहुण्यांना दुसऱ्या रांगेत बसवल्याबद्दल थोडी नाराजी झाली, ती होऊ दिली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणारे आणि टाळता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. त्यांत श्रवणदोषही आहे आणि सामाजिक एकटेपणाही. काकूंच्या कोपऱ्यात दोन्ही एकत्र बसले होते. गर्दीत असूनही माणूस तुटलेला असू शकतो, हे मी तिथे पाहिलं.

म्हातारी माणसं रांगेत बसवायची आणि समोर मुलांचे नाच करायचे, या प्रकारच्या कार्यक्रमांचं मला कधी फारसं कौतुक वाटलं नाही. टाळ्या वाजवून माणूस घरी जातो तो तसाच. ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’, म्हणजे निवृत्तीनंतरही शिकत राहण्याची जागा, ही कल्पना १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात जन्मली. १९८२ मध्ये ती ब्रिटनमध्ये रुजली तेव्हा तिथे शिकणारेच शिकवू लागले. हे मला जास्त पटतं. आमच्याकडेही ज्या वर्षी सूत्रसंचालनापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळं ज्येष्ठांनीच केलं, त्या वर्षी गोंधळ सर्वाधिक झाला आणि हजेरीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो. तरुणही त्यात भरपूर आहेत. ज्येष्ठांपैकी तर तीनात एक इतकी माणसं सामाजिकदृष्ट्या एकटी असू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. आमच्या वहीत हे आकडे नव्हते. नावापुढे ‘उचलला नाही’ असा शेरा असायचा. तो लागोपाठ दोनदा आला की कुणीतरी प्रत्यक्ष घरी जायचं.

मेळावा संपला की याद्या चिटणीसबाईंकडे जमा करायची पद्धत होती. एका वर्षी याद्या परत आल्याच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, फोन चालूच आहेत. कुणी सकाळी औषध घेतलं का विचारतंय, कुणी रोजच्या शब्दकोड्यातले अडलेले शब्द. मग पुढच्या वर्षी बाईंनी नावांची अदलाबदल करायची ठरवली, म्हणजे ओळखी वाढतील. सभेत जवळजवळ सगळे तयार झाले. दोन मावश्यांनी मात्र साफ नकार दिला. फोनवर त्यांचं जुनं भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणे, आणि ते मिटेपर्यंत नावं बदलायला त्या राजी नव्हत्या. ठराव त्या दोघींना वगळून मंजूर झाला.