सहा टोकांची वही: मुंबईच्या विमानतळांची पाचवी चौकट भरली

रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. बामणडोंगरी स्थानकावर उरण लोकलमधून उतरलो आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. न्हावा-गव्हाणच्या बाजूने एक एअरबस ए३२० येताना दिसलं. चाकं खाली, दिवे लागलेले, रेषा अगदी सरळ. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीच्या ०८ या टोकावर ते उतरत होतं. तिथेच उभ्याउभ्या वही काढून चौकटीत बरोबरची खूण केली.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबई महानगराला प्रवासी विमानसेवा देणारे विमानतळ आता दोन आहेत. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, म्हणजे चार टोकं. नवी मुंबईत सध्या एक धावपट्टी, म्हणजे आणखी दोन. या सहाही टोकांवर प्रत्येकी एक तरी विमान उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, असं मी ठरवलं आहे आणि वहीत प्रत्येक टोकासाठी एक चौकट आखली आहे. अ‍ॅपवर दिसलं तर ते धरायचं नाही. टोकांचे आकडे म्हणजे दिशा: होकायंत्राच्या अंशातलं शेवटचं शून्य काढून टाकलं की जो आकडा उरतो तो. २७ वर उतरणारं विमान साधारण २७० अंशांवर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून येतं. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरवतात, त्यामुळे कुठलं टोक कधी दिसेल हे शेवटी वारा ठरवतो. आपल्या कोळी लोकांना ठाऊक असलेले खारे वारे आणि मतलई वारे हेच या वहीचं वेळापत्रक आहे.

२७ ची चौकट पहिल्याच दिवशी भरली, कारण मी घाटकोपरला राहतो. धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक आमच्या इमारतीपासून जेमतेम तीन किलोमीटर. उतरणारी विमानं तीन अंशांच्या उतारावर येतात, म्हणजे दर किलोमीटरला साधारण बावन्न मीटर खाली. त्या हिशेबाने आमच्या डोक्यावर ती दीड-पावणेदोनशे मीटरवर असतात. समुद्रावरून येणारा खारा वारा वर्षातला बराच काळ राज्य करतो, पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचाच जोर. म्हणून २७ हे मुंबईचं नेहमीचं टोक.

विमान थेट डोक्यावरून जातं तेव्हा शेपटीवरचं चिन्ह दिसत नाही. त्यामुळे मी चाकांवरून ओळखायला शिकलो आणि नव्या मंडळींना हेच आधी शिका असं सांगतो. पंखाखालच्या प्रत्येक पायाला सहा चाकं असली तर बहुतेक वेळा बोइंग ७७७. ए३५० च्या लांब प्रकारालाही सहा असतात, पण ते क्वचित. चार असली तर ७८७, ए३३० किंवा ए३५० चा छोटा प्रकार. दोनच असली तर ए३२० किंवा ७३७ च्या कुळातलं. ए३८० ला पुढची दोन धरून एकूण बावीस चाकं. पहिल्यांदा मोजली तेव्हा दोनदा चुकलो, तिसऱ्या दिवशी बरोबर आली.

याच रेषेखालची एक जड नोंदही वहीत आहे. २० मे २०२४ च्या रात्री उतरणाऱ्या एका विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला. पंतनगर-लक्ष्मीनगर परिसरात ३९ पक्षी मेलेले सापडले. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. गुलाबी पिसं गटाराच्या कडेला अडकलेली होती. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची वाट आणि २७ ची रेषा एकमेकींना छेदतात. तेव्हापासून मी विमानाच्या नोंदीशेजारी थवा दिसला का, किती वाजता आणि कुठून कुठे गेला, हेही लिहितो. नव्या विमानतळाभोवती तर खाड्या आणि पाणथळ जागाच आहेत, त्यामुळे हा रकाना तिथे जास्त लागणार.

१४ ची चौकट २०१९-२० च्या हिवाळ्यात भरली. तेव्हा मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत दिवसाचे बरेच तास बंद ठेवत होते आणि सगळा भार १४/३२ या दुसऱ्या धावपट्टीवर यायचा. मी घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला गेलो. विमानं वायव्येकडून, समुद्र ओलांडून अंधेरी पश्चिमेच्या इमारतींवरून उतरत होती. दुपारी दोन तासांत चौदा विमानं मोजली. दोन धावपट्ट्या असूनही मुंबईत एका वेळी एकीवरच काम का चालतं, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं. त्या एकमेकींना मध्येच कापतात, मग दोन्हीकडून एकाच वेळी विमानं सोडणार कशी? तरीसुद्धा इथे एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणं-उतरणं झाली आहेत. मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटर, दुसरी २,८७१ मीटर. मिठी नदीलाही या पसाऱ्याखालूनच वाट काढावी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि विमानतळ बंद पडला, ते आठवत असेलच.

आणखी एक दिवस वहीत लाल शाईने लिहून ठेवण्यासारखा. पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ देखभालीसाठी बंद ठेवतात. ८ मे २०२५ ला मी सुट्टी घेऊन गच्चीवर बसलो होतो. सहा तास आकाशात एकही विमान नाही. घारी, कावळे आणि शेजारच्या इमारतीतला रेडिओ. लहानपणापासून या आवाजाखाली वाढलो, त्यामुळे तो नसल्यावर कान दुखल्यासारखं झालं.

०९ साठी मात्र तीन हिवाळे लागले. मतलई वारा पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पण तो इतका हलका असतो की बऱ्याचदा २७ च चालू ठेवतात. पाठीमागून थोडा वारा विमानाला चालतो. पूर्वेकडचा वारा चांगला जोरात असेल तेव्हाच टोक बदलतं. ते मला जुहूच्या वाळूवर, एका डिसेंबरच्या सकाळी पावणेसातला मिळालं. समुद्रावरून दिव्यांची रांग आली, एकामागे एक, आणि सांताक्रूझकडे निघून गेली.

वाळूवर उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की जुहूची गोष्ट समजते. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहूची छोटी धावपट्टी दिसते, आणि तिच्या मागे दोन-एक किलोमीटरवर जवळजवळ त्याच दिशेने सांताक्रूझची मोठी. १५ जुलै १९५३ ला ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून बाहेर काढावं लागलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपानी कंपनीच्या डीसी-८ चंही तेच झालं: सांताक्रूझच्या ०९ ऐवजी जुहूच्या ०८ वर उतरलं आणि धावपट्टीच्या बाहेर गेलं. माणसं वाचली, विमान मात्र पुन्हा उडालं नाही. पुस्तकात वाचताना मला हे खरं वाटायचं नाही. वाळूवर उभा राहिलो आणि पटलं.

जुहूला मी चौकट दिलेली नाही, कारण आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टर चालतात. मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टर याच तळावरची. पण वहीचं पहिलं पान जुहूचंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानातून टपाल घेऊन इथे उतरले आणि इथून नेव्हिल व्हिन्सेंट ती टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहू तेव्हा चिखलाचं मैदान होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागायचा. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तरीच्या वयात टाटांनी लेपर्ड मॉथमधून तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. जुहूच्या कुंपणाजवळून जाताना मी दरवेळी थोडा वेळ थांबतो.

आता नवी मुंबई. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबरला सुरू झाली. धावपट्टीवर पहिल्यांदा विमान उतरलं ते मात्र ११ ऑक्टोबर २०२४ ला, हवाई दलाचं सी-२९५. २५ डिसेंबरला मी कामावर होतो. पहिलं विमान बंगळुरूहून आलं आणि त्याला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळाली, हे फोनवरच पाहिलं. नियमाप्रमाणे ते मी धरलं नाही. २६ ची चौकट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरली: दुपारी चारला बेलापूरच्या पारसिक टेकडीवरून, खारा वारा वाहू लागल्यावर, विमानं पनवेल शहरावरून येऊन उतरताना दिसली. मग मतलई वाऱ्याची सकाळ गाठायची होती, ती परवा गाठली. दोन्ही विमानतळांची टोकं जवळजवळ एकाच दिशेची असल्यामुळे एकाच दिवशी दुपारी पनवेलवर २६ आणि घाटकोपरवर २७ चालू असतात. वाशीत उभे असाल तर डोक्यावर चाकं काढून सरळ रेषेत येणारं विमान सांताक्रूझचं समजा.

पारसिक टेकडीवरून सपाट धावपट्टी बघताना तिथे नव्वदेक मीटरची उलव्याची टेकडी होती आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला आहे, हे डोळ्यांसमोर आणावं लागतं. ३,७०० मीटरची ही धावपट्टी दहा गावांच्या जागेवर आहे: वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, उलवे ही त्यातली नावं. टेकडीवर मला भेटलेले एक काका मूळचे चिंचपाड्याचे. त्यांनी बोट दाखवून सांगितलं, "तिकडं आमचं भाताचं खाचर होतं, आता तिथं विमान वळतं." मी काहीच बोललो नाही. इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी लढलेले लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून इथल्या माणसांनी २०२१ मध्ये मानवी साखळी केली होती, ते या खाचरांमुळेच.

नातेवाइकांना सोडायला-आणायला जाणाऱ्यांना एक विनंती. तिकिटावर बीओएम असेल तर जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवा. माझा मावसभाऊ नवी मुंबईचं तिकीट हातात घेऊन सहारला जाऊन बसला होता. आणि जुन्यातही टर्मिनल एक आणि दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत. मेट्रो ३ वर दोघांची स्थानकं वेगळी आहेत. मी कॅमेरा कुंपणाजवळ नेत नाही. टेकडी, वाळू, गच्ची आणि फलाट, तिथे दुर्बीण आणि पेन्सिल पुरते.

उरली फक्त ३२ ची चौकट. आग्नेयेकडून येणारी ही वाट फारच क्वचित वापरतात: त्या बाजूला तुर्भ्याची टेकडी आणि भाभा अणुसंशोधन केंद्र. ३२ वरून उडणारी विमानं मी पाहिली आहेत, उतरणारं एकही नाही. वायव्येकडून जोराचा वारा आणि मुख्य धावपट्टी बंद, हे दोन्ही एकाच दुपारी जुळलं तरच काही आशा. मार्च ते मेच्या दुपारी मुंबईत वायव्येचा वारा येतो, म्हणून या मार्चपासून मुख्य धावपट्टी बंद असल्याची सूचना आली की चेंबूरच्या आत्याच्या गच्चीवर जायचं ठरवलं आहे. आत्याने किल्लीची जोडी आधीच देऊन ठेवली आहे. कुणी ३२ वर उतरणारं विमान पाहिलं असेल तर तारीख, वेळ आणि वारा एवढं नक्की लिहून ठेवा. मला ते माझ्या नोंदींशी ताडून बघायचं आहे.