टिनाच्या खोलीसाठी प्रोसेसर

आमचं गाव वरोऱ्यापासून बरंच आत. माझी खोली टिनाच्या छपराखाली. मे महिन्यात पारा ४५-४६ वर गेला की तिथे मोबाइलसुद्धा गरम झाल्याची पाटी दाखवून चार्जिंग थांबवतो. गेमिंगचा कॉम्प्युटर याच खोलीत बसणार होता आणि सात-आठ वर्षं चालायला हवा होता. दर तीन वर्षांनी नवा घ्यावा असा भाव आमच्या कापसाला अजून तरी मिळालेला नाही.

पहिले दोन महिने मी नुसते एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचे, व्हिडिओ पाहिले. ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी), गेमिंगमध्ये भल्याभल्यांना मागे टाकणारा. किंमत मात्र साध्या रायझन ५ ७६००च्या दुपटीच्या आसपास. आणि माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा! प्रोसेसरने सेकंदाला दोनशे फ्रेम काढल्या तरी दिसणार ७५च. एवढं कळायला दोन महिने गेले, याची लाजच वाटते.

बाबांनी मात्र एका वाक्यात मुद्दा पकडला. "हे यंत्र एवढं गरम होते म्हन्तं, मंग टिनात कायले आनून ठेवतं?"

बरोबरच होतं. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा त्याच्यावर मारतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर चढतो. ७६००चा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, जोर लागला की ८८ वॅटपर्यंत जातो. इंटेलचा आय५ १४६००के टर्बोमध्ये, म्हणजे सगळा जोर लावून, १८१ वॅटपर्यंत. ९५ अंशांना ७६०० आपला वेग आपणच उतरवतो. म्हणजे जळत नाही, पण ज्या वेगाचे पैसे मोजले तो नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळत नाही.

मग नागपूरला, बर्डीवर. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा आय७ घ्या, डोळे झाकून." डोळे उघडे ठेवून पाहिलं तर त्याचा मदरबोर्ड एलजीए १७०० सॉकेटचा; सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. त्यावर इंटेलची १२वी, १३वी, १४वी पिढी बसते आणि २०२४मध्ये सॉकेटच बदललं. प्रोसेसर वाईट नव्हता, बोर्डाचा रस्ता संपला होता. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटचं पाहा. २०१७च्या कितीतरी बोर्डांवर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालला. एएम५ हे २०२२चं सॉकेट, आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलंय. मला हवं होतं ते हेच: जू तेच, बैल तेवढा बदलायचा. आज सहा कोअरचा ७६००, चार-पाच वर्षांनी त्याच बोर्डावर आठ कोअरचा, मोठ्या कॅशेचा एखादा एक्स३डी, जुना मिळाला तरी चालेल.

दुकानदाराने थोडा स्वस्त ७५००एफही दाखवला. तो मी मुद्दाम सोडला. ७६००मध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे, ७५००एफमध्ये नाही. ग्राफिक्स कार्डाचे पैसे सोयाबीन विकल्यावरच येणार होते, तोवर स्क्रीन तरी दिसायला पाहिजे ना.

जोडणी घरीच केली, आईच्या पाटावर. एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, बारीक, सोनेरी. एक वाकली तर बोर्ड गेला. म्हणून आधी पंखा बंद केला, घाम पुसला, मग प्रोसेसर ठेवला. सॉकेटची पट्टी दाबताना इतका जोर लागतो की काहीतरी तुटतंय असंच वाटतं. तेवढ्यात वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टप्पकन उडून पाटाखाली गेलं, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय फोडलं?"

खरी परीक्षा पुढे. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. सगळे पैसे मातीत गेले असं धरून मी बटणाकडे हात नेला, आणि मग आठवलं की डीडीआर५ मेमरी पहिल्यांदा सुरू होताना ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्डाशी जुळवून घेते, आणि त्याला काही मिनिटं लागतात. हात मागे घेतला. मनात एकच धाकधूक, आता लाइन जाऊ नये. चौथ्या मिनिटाला बायोस दिसलं.

लाइनीचा बंदोबस्त म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस आहे, म्हणजे साधारण ३६० वॅट. त्यावर खेळत राहता येत नाही, गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. कार्ड निवडतानाही हाच आकडा समोर ठेवला.

पहिल्या मे महिन्यात बायोसमधून ४५ वॅटचा, म्हणजे कमी वीज खाणारा, इको मोड लावला. खेळताना मला तरी फरक जाणवला नाही, पंख्याचा आवाज मात्र निम्मा झाला. कॅबिनेट कुलरच्या झोतासमोरून हलवून कोपऱ्यात नेलं, कारण तो झोत पाण्याचे बारीक थेंबही फेकतो. परवा पुण्याचा मित्र फोनवर विचारत होता, "कुलर कोणता लावलास?"

म्हटलं, प्रोसेसरवर त्याच्याच डब्यात आलेला आहे. दुसरा खिडकीत आहे, दिवसाला चार बादल्या पाणी पितो.