गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यातले अंतर

गेल्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या लालबागच्या कारखान्यापुढे एक जुनी हिरवी शेव्हर्ले पिकअप येऊन उभी राहिली आणि तिच्यातून उतरणाऱ्या माणसाकडे माझे लक्ष गेले. तो उंच होता हे खरे, पण मी पाहत राहिलो ते त्याच्या उतरण्याकडे. आधी त्याने उजवा पाय दाराबाहेर टेकवला, मग मान खाली घालून कंबर वळवली आणि शेवटी मांडीला हात लावून डावा पाय स्टिअरिंगखालून ओढून काढला. गाडीच्या सीटचे काम मी एकतीस वर्षे करतो आहे. माणूस गाडीतून कसा उतरतो यावरून आत काय अडते आहे ते पुष्कळदा कळते.

गिऱ्हाइकाची उंची सहा फूट तीन इंच होती. गाडी त्याच्या आजोबांची, मंडप डेकोरेशनच्या धंद्यातली. बांबू, कनाती आणि ताडपत्र्या वाहण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. पुढची कित्येक वर्षे ती पनवेलकडच्या एका शेडमध्ये पडून होती. नातवाने हौसेने इंजिनाचे काम करून घेतले होते आणि आता ती उत्तम चालत होती. तक्रार एवढीच होती की अर्धा तास चालवली की उजव्या बाजूची कंबर धरते, डोके दुखते आणि सिग्नल पाहण्यासाठी मान वाकवावी लागते. "काका, सीट जरा मऊ करून द्या, म्हणजे कंबरेला त्रास होणार नाही," असे म्हणून त्याने पिशवीतून चौदा इंचांचे एक चकचकीत नवे स्टिअरिंगही काढून दाखवले.

या घडणीचे शेव्हर्ले ट्रक अमेरिकेत १९४७ साली आले. आपल्याकडे जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता आणि तो १९५४ मध्ये बंद झाला, त्यामुळे लालबाग-परळच्या जुन्या मेकॅनिकांना शेव्हर्लेची नावनिशाणी शिकवावी लागत नाही. ही पिकअप १९५१ ची. उंच चालकाच्या दृष्टीने या गाडीतली सर्वांत मोठी अडचण अशी, की १९४९ पासून या ट्रकांमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवलेली असते. सीट बाकासारखी सलग आहे आणि तिच्यामागे हात घातला की बोटांना टाकीचा पत्रा लागतो. आजच्या गाडीत आपण सीट सहज मागे ढकलतो, पण इथे मागे जागा अशी फारशी नसतेच.

मी त्याला सीट मऊ करण्याविषयी काहीच बोललो नाही. त्याला पुन्हा गाडीत बसायला सांगितले, दार उघडे ठेवले, स्वतः पायरीशी उकिडवा बसलो आणि इंजिन बंद असतानाच त्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय ब्रेकवर न्यायला सांगितले. त्याने पाय नेला, पण सरळ नेला नाही. आधी गुडघा दाराकडे फाकवला, मग तो स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला वळसा घालून वर काढला आणि मगच तळवा ब्रेकवर ठेवला. मी म्हटले, "आता गुडघा न फाकवता न्या." त्याने तसे केले आणि गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर असा आपटला की सगळे चाक थरथरले. त्याचा पाय ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्या मध्येच, अधांतरी राहिला.

ते पाहून माझ्या पोटात गोळा आला, हे मी मोकळेपणाने सांगतो. हा माणूस याच गाडीने पनवेलहून पूर्व द्रुतगती मार्गाने लालबागपर्यंत आला होता. कोणी अचानक आडवे आले असते तर ब्रेकवर पाय पडायला त्याला नेहमीपेक्षा कितीतरी उशीर झाला असता. त्याच्या कंबरदुखीचे मूळही इथेच होते. दर ब्रेकला मांडी बाहेर फिरवायची, म्हणजे कमरेचा उजवा सांधा शहरातल्या रहदारीत एका तासात शेकडो वेळा पिळला जातो. त्यावर मऊ गादी हा उपाय नव्हता. गादी मऊ केली असती तर तो आणखी रुतला असता आणि गुडघा आणखी वर आला असता.

मोजमापे घेतली. सीटच्या पृष्ठभागापासून चाकाच्या खालच्या कडेपर्यंत पाच इंच अंतर भरले, आणि त्याची मांडी सात इंच जाडीची होती. या जुन्या ट्रकांत ब्रेक आणि क्लचचे दांडे फळीतून वर येतात आणि ॲक्सिलरेटर मात्र जमिनीलगत असतो, म्हणून पाय एकावरून दुसऱ्यावर नेताना तो उचलावाच लागतो. या गाडीत तो उंचवटा साडेतीन इंचांचा होता. ज्याची नडगी लांब त्याचा गुडघा आधीच उंच, त्यात ही साडेतीन इंचांची उचल. चाकाला लागणार नाही तर काय होणार?

टाकी मागच्या हौद्याखाली नेली तर केबिन मोकळी होते, हे खरे, आणि तसे काम करणारे पुष्कळ आहेत. मी ते टाळले. त्यासाठी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, भोके पाडावी लागतात, पेट्रोल भरण्याचे तोंड हलवावे लागते, आणि त्याला ही गाडी विंटेज म्हणून नोंदवायची होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नियम बाजूला ठेवला तरी माझी स्वतःची पद्धत अशी, की अशा गाडीत मी करतो ते सगळे काम पुढच्या माणसाला पाना घेऊन उलटे फिरवता आले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बॅटरीची तार काढली, टाकी रिकामी करून घेतली आणि सीट बाहेर काढली. पाठीचे रेक्झिन उसवले तेव्हा त्याखाली दुसरे, तपकिरी रेक्झिन निघाले आणि त्याखाली तिसऱ्याचे तुकडे. प्रत्येक वेळी कारागिराने जुने तसेच ठेवून वर फोमचा नवा थर चढवला होता. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा तळाशी धडधाकट होत्या. पाठीची जाडी सात इंच झाली होती आणि त्यातले साडेतीन इंच निव्वळ आळसाचे होते. आमच्या धंद्यातल्या या सवयीचा मला मनापासून राग येतो, कारण जुने उसवायला अर्धा दिवस लागतो म्हणून चालकाच्या अंगाखालची जागा खाल्ली जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

बसण्याचा भाग उचलल्यावर खरे आश्चर्य निघाले. लोखंडी चौकट आणि तिचे रूळ यांच्यामध्ये चार सागवानी ठोकळे होते, पुढचे दोन आणि मागचे दोन, प्रत्येक दीड इंच जाडीचा. रंध्याने नीट तासलेले, कडा मारलेल्या, आणि लांब बोल्टने आवळलेले. हे शिवडीच्या कारखान्याचे काम नव्हते. मी गिऱ्हाइकाला फोन केला. त्याने वडिलांना विचारले आणि उत्तर आले, की आजोबा पाच फूट दोन इंच होते. त्यांना चाकावरून बॉनेट दिसत नसे, म्हणून मंडपाच्या सुताराकडून त्यांनी ते बसवून घेतले होते. नातू सहा महिने आजोबांच्या उंचीला बेतलेल्या सीटवर बसून गाडी चालवत होता.

डोकेदुखीचे कारणही सीट काढल्यावरच सापडले. टाकीत पेट्रोल घालण्याच्या नळीचा रबरी तुकडा वाळून चिरला होता आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्यातून वाफ केबिनमध्ये येत होती. नाक जवळ नेले तेव्हा वास स्पष्ट आला. तो तुकडा आणि त्याच्या पट्ट्या मेकॅनिकने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणून बदलल्या. तसे होईपर्यंत मी ग्राइंडरला त्या गाडीच्या आसपासही फिरकू दिले नाही.

मग काम सुरू झाले. ठोकळे निघाल्याने दीड इंच आणि बसण्याच्या भागावरचा जादा फोम गेल्याने आणखी एक इंच, असे अडीच इंच खाली मिळाले. पाठीच्या मूळ स्प्रिंगांवर तरट, त्यावर काथ्याचा पातळ थर आणि वर कडक फोम, अशी ती साडेतीन इंचांत बसवली. या दोन्हींचा उपयोग वेगवेगळा आहे. नुसते खाली बसवले तर डोके वाचते आणि मांडी चाकाखालून सुटते, पण गुडघा वरच राहतो. मागे सरकवले की पाय उलगडतो आणि मगच गुडघा उतरतो. म्हणून मला खालच्या अडीच इंचांपेक्षा मागच्या साडेतीन इंचांचे मोल अधिक वाटते. गादीची पुढची कड मी दीड इंच लांब केली, कारण लांब मांडीला अर्ध्यावरच आधार संपला की सगळा भार कमरेवर येतो. मात्र ती कड मऊ ठेवली, नाहीतर क्लच दाबताना गुडघ्यामागे रुतून पाय बधिर होतो. गंजून जाम झालेले रूळ रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून सोडवले आणि मेकॅनिकने ॲक्सिलरेटरची सळई जुळवून त्याची पट्टी एक इंच वर आणली.

नव्या स्टिअरिंगवरून मात्र आमचा थोडा वाद झाला. मूळ चाक अठरा इंचांचे आहे. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या ट्रकला चौदा इंचांचे चाक लावले तर तेच वळण काढायला सव्वापटीहून अधिक जोर लागतो, आणि लालबागच्या गल्लीत गाडी वळवताना तो खांद्याला कळतो. मी त्याला म्हटले, "आधी सीट करू, मग अडलेच तर चाक बदलू." त्याने ऐकले. ते चाक खोक्यातून बाहेर निघालेच नाही.

एका गोष्टीवर मला उपाय सापडला नाही. पाठ मागे गेल्यामुळे त्याचे डोके मागच्या काचेच्या जवळ गेले. मधले अंतर जेमतेम पाच इंच उरले, आणि या गाडीला डोक्यामागे आधार नाही. मी पाठ अधिक कलती करायचे टाळले, काचेपर्यंतचे अंतर त्याला टेपने मोजून दाखवले आणि ही गाडी वेगाने हाकायची नाही, असे स्पष्ट सांगितले.

रविवारी पहाटे आम्ही दोघे शिवडीच्या बंदर भागातल्या गोदामांच्या रस्त्यावर गेलो. रस्ता रिकामा होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि समोर न पाहता त्याच्या उजव्या गुडघ्याकडे पाहत राहिलो. "थांबवा," असे मी मध्येच, न सांगता, सात-आठ वेळा म्हटले. दर वेळी गुडघा सरळ उठला आणि तळवा ब्रेकवर पडला; चाकाची कड आणि गुडघा यांच्यात माझी दोन बोटे जातील इतकी फट दिसत होती. परत येताना तो काळाचौकीच्या सिग्नलला थांबला आणि मान न वाकवता लाल दिवा पाहून स्वतःशीच हसला.

गाडी न्यायला त्याचे वडील आले. ते आजोबांवर गेलेले, ठेंगणे. ते चालकाच्या जागी बसले आणि त्यांचा पाय क्लचच्या तळापर्यंत पोहोचेना. मी म्हटले, "भाऊ, ती डावीकडची पट्टी वर ओढा." सीट रुळांवरून चार खाचा पुढे आली, पण पाठ अजून लांबच होती. ते गाडी पाहत कारखान्यात चहा पीत होते तेवढ्या वेळात आमच्या शिलाईच्या कारागिराने उरलेल्या रेक्झिनची चार इंच जाडीची एक उशी शिवली आणि तिला मागे अडकवायला दोन पट्टे लावले. मुलाने बसताना उशी काढून शेजारी ठेवायची आणि सीट मागे ढकलायची, असे दोघांचे ठरले.

निघताना वडिलांनी ते ठोकळे मागितले. ते बसवले तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो आणि सुताराला बोल्ट हातात देत उभे होतो, एवढेच ते म्हणाले. मी चारही ठोकळे त्यांच्या बोल्टांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना दिले.