प्लगइन पाच मिनिटांत अपडेट झालं, पासवर्ड बदलायला अकरा दिवस लागले

जेनकिन्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करणं, तपासणं, सर्व्हरवर चढवणं ही कामं आपोआप करणाऱ्या प्रणालीत, एका प्लगइनबद्दल (जोड-प्रोग्रॅमबद्दल) सुरक्षेची सूचना दिसली. डिप्लॉयमेंटचा, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याचा पासवर्ड ते प्लगइन एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात) न करता, साध्या मजकुरात जॉबच्या (नेमून दिलेल्या कामाच्या) कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठेवत होतं. प्लगइन अपडेट केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, सूचना गेली. तरी सहज म्हणून फाइल उघडली, तर पासवर्ड जसाच्या तसा! नुसत्या अपडेटनं जुनी नोंद बदलत नव्हती. प्रत्येक जॉब उघडून पुन्हा सेव्ह करावा लागला. तेही झालं.

खरा त्रास पुढे सुरू झाला. आमच्या टेस्टरांना ‘एक्स्टेंडेड रीड’ परवानगी होती, म्हणजे जॉबची सेटिंग्ज बदलता येत नाहीत पण बघता येतात. एन्क्रिप्ट केलेली मूल्यं जेनकिन्स अशा लोकांपासून झाकून ठेवतं. साध्या मजकुरातला शब्द हा पासवर्ड आहे, हे त्याला कळणार कसं? म्हणजे तो आजवर कुणीही वाचलेला असू शकत होता. बदलायलाच हवा होता.

खाती सांभाळणाऱ्या विभागाच्या फॉर्मवर एक सक्तीचा रकाना होता: गैरवापराचा पुरावा. ‘पुरावा नाही, पण पासवर्ड उघडा होता’ असं लिहिलं. अर्ज परत. सविस्तर लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा परत, शेरा तोच. आमच्या सर्व्हरवर कोणी कुठलं पान पाहिलं याची नोंदच होत नव्हती, मग पुरावा आणायचा कुठून? चोरी झाल्याचं सिद्ध करा, मग कुलूप बदलू, असला हा हिशेब. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

नवव्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन मी टेस्टरइतकेच अधिकार असलेलं एक चाचणी खातं घेतलं. ब्राउझरमध्ये जॉबच्या पत्त्यापुढे कॉन्फिग फाइलचं नाव जोडलं, ती उघडली आणि जुन्या बॅकअपमधल्या प्रतीशेजारी ठेवून स्क्रीनशॉट काढला. सेव्ह केलेल्या जॉबमध्ये मूल्य झाकलेलं, बॅकअपमध्ये उघडं. पासवर्डवर काळी पट्टी मारून तो अर्जाला जोडला. दोन दिवसांत काम झालं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं; तुम्ही तरी जॉब सेव्ह करण्याआधी असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बॅकअपवरून आठवलं. कॉन्फिगचा इतिहास ठेवणारं प्लगइन असेल तर जुने पासवर्ड त्यातही पडून असतात. आणि एन्क्रिप्शनवर फार विसंबू नका. त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर ‘सीक्रेट्स’ फोल्डरमध्ये असते. सर्व्हरच्या फाइल्सपर्यंत पोचलेल्या माणसाला एन्क्रिप्शन अडवत नाही.

अकराव्या दिवशी दुपारी जुन्या पासवर्डनं लॉगिन करून पाहिलं. प्रवेश नाकारला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून तो संदेश दाखवला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.