बैल जायच्या आधीचा झोपा

लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना मला हा प्रश्न आलाय: "मॅडम, ती झोपेची मेलाटोनिनची गोळी लिव्हरलाही चांगली ना? उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे." फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचे, म्हणून मला विचारतात. लिफ्टमध्ये उत्तर पुरं होत नाही, चौथा मजला येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

झालंय, हे खरं आहे. मेलाटोनिन हे आपल्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचं संप्रेरक. १९५८ साली अमेरिकेत ॲरन लर्नर यांनी ते गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींमधून वेगळं काढलं. गंमत म्हणजे लर्नर त्वचेचे डॉक्टर. त्यांना रस होता त्वचेच्या रंगात, झोपेत नव्हे. लिव्हरचा तर विषयच नव्हता.

तो पुढे आला कार्बन टेट्राक्लोराइडमुळे. एके काळी ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायच्या नळकांड्यांत वापरायचे ते हे द्रव्य. ऑलिव्ह तेलात मिसळून पांढऱ्या उंदराला टोचलं, की दुसऱ्या दिवशी त्याचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, आकाशाला भिडतं. मौज अशी, की हे विष लिव्हर स्वतःच्या हातानं तयार करतं. तिथलं सायटोक्रोम पी-४५० २ई१ नावाचं एन्झाइम त्याचा एक क्लोरीन तोडतं आणि उरतो तो मोकाट रेणू पेशींच्या आवरणातली चरबी जाळत सुटतो. हे २ई१ लिव्हरच्या प्रत्येक बारीक खंडातल्या मधल्या शिरेभोवती जास्त, म्हणून पेशी मरतात त्याही तिथेच. स्लाइडवर शिरेभोवती फिकट कडं दिसतं. जळलेल्या चरबीचा माग काढायला एक साधी चाचणी आहे: नुकसान जितकं जास्त तितकी परीक्षानळी गुलाबी. मेलाटोनिन दिलेल्या उंदरांच्या नळ्या फिकट निघतात, एसजीपीटी कमी येतं, कडंही बारीक दिसतं. इतका स्वच्छ फरक पाहिला की कुणालाही हुरूप येईल. मलाही यायचा.

पण मेलाटोनिन दिलं कधी, ते बघा. बऱ्याच प्रयोगांत विषाच्या आधी, नाहीतर विषाबरोबरच. म्हणजे बैल गोठ्यात असतानाच झोपा लावलेला. विचारणाऱ्यांचा बैल केव्हाच गेलेला असतो! सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलेलं असतं, तेही वजन, साखर, दारू यांनी वर्षानुवर्षं जमवलेलं. एका इंजेक्शनानं रातोरात झालेलं नव्हे.

दुसरी एक शंका मी विद्यार्थ्यांना नेहमी काढायला लावायचे. दिलेल्या औषधानं ते २ई१ एन्झाइमच दाबलं तर? मग विष तयारच होणार नाही. लिव्हर वाचलेलं दिसेल, पण औषधानं दुरुस्त काहीच केलेलं नसेल. हे न तपासता 'यकृतरक्षक' असा शिक्का मारलेले प्रबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवलेत. त्यावरून माझ्याबद्दल काय बोललं जायचं तेही मला ठाऊक आहे.

आणि डोस. उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम हा अशा प्रयोगांतला नेहमीचा आकडा. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकारानं ६०० होतात. उंदराचा चयापचय वेगवान, म्हणून रीतीप्रमाणे सहानं भागलं तरी १०० च्या आसपास. दुकानातली गोळी ३ मिलिग्रॅमची. तीसहून जास्त गोळ्या रोज रात्री? आणि घेतल्याच, तर त्या पचवायच्या कुणी? लिव्हरनंच.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्ही घेता का?" घेते. मुलीकडे अमेरिकेत गेले की पहिल्या चार रात्री, एक गोळी, झोपेसाठी.