बंड्या लंगडतोय, पण कुईकुई करत नाहीये

आमचा बंड्या, पाच वर्षांचा देशी कुत्रा, वजन 24 किलो. जूनमधे पहिला पाऊस पडून गेलेला, वेताळ टेकडीवर बॉल फेकला, साहेब सुसाट गेले आणि ओल्या मुरमावर गर्रकन वळले. एकदाच "क्यांव" झालं, मग बॉल घेऊन शेपटी हलवत परत! म्हटलं काही नाही झालं.

घरी आल्यावर मागचा उजवा पाय नुसता बोटांवर टेकवून उभा. मी आधी पंजा बघितला, बोटांच्या मधे कुसळ नाही, काटा नाही, नखं धड, तळवा कुठे कापलेला नाही. मग काय, मुरगळला असेल. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं गुडघ्यावर धरला, दोन दिवस आराम, लंगडणं कमी झालं आणि मी शहाण्यासारखा त्याला परत टेकडीवर घेऊन गेलो. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

खरं तर पकडलं आईने. "अरे हा गुडघे गेलेल्या म्हातारीसारखा काय बसतोय?" बघतो तर आधी दोन्ही पाय नीट पोटाखाली घेऊन बसायचा, आता उजवा बाजूला फेकलेला. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले अर्धं निदान तुमच्या आईनेच केलंय. त्यांनी त्याला कुशीवर झोपवलं, एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगीचं, आणि नडगी चक्क ड्रॉवरसारखी पुढे सरकली. क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी गुडघ्यात बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेलं. ते एक्स-रेमधे दिसत नाही, सांध्यातली सूज दिसते. माणसांत हे बहुतेकदा एका झटक्यात तुटतं, कुत्र्यांत ते बरेचदा आतल्या आत महिनोन्महिने झिजत असतं, टेकडीवरचं ते वळण म्हणजे फक्त निमित्त. म्हणूनच पुढेमागे दुसरा गुडघाही जायची शक्यता बरीच असते, हे ऐकून मी गार.

मधल्या काळात शेजारच्या काकांचा सल्ला, "अर्धी पेनकिलर दे ना." नका देऊ! आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते, पॅरासिटामॉलही मनाने द्यायचं नाही. बाम, स्प्रे पण नको, तो ते चाटणारच.

अजून एक, क्लिनिकमधे घाबरून हे लोक एकदम सरळ चालतात, त्यामुळे घरीच स्लो मोशनमधे व्हिडिओ काढून न्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही. आणि पाय अजिबात टेकत नसेल किंवा वाकडा दिसत असेल तर व्हिडिओबिडिओ सोडा, त्याच दिवशी गाठा.

आमचं ऑपरेशन झालं, टीपीएलओ, म्हणजे नडगीचा वरचा भाग कापून थोडा फिरवतात आणि प्लेट लावतात, मग लिगामेंट नसलं तरी नडगी पुढे घसरत नाही. हाड जुळायला दोनतीन महिने. आता आठवा आठवडा. फरशीवर सगळीकडे सतरंज्या, सोफ्यावर खुर्च्या उलट्या, फिरणं फक्त पट्ट्यावर दहा मिनिटं. काल टेपने मांडी मोजली, डावीपेक्षा अजून दोन सेंटीमीटर बारीक भरली. आणि हा रोज लिफ्टपाशी उभा राहून जिन्याकडे ओढतोच आहे.